बेरीज जुळली म्हणजे हिशेब झाला नाही

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या पेढ्यांवर, आणि तिथून चाटी गल्लीपर्यंत, एक सल्ला मोठ्या खात्रीने दिला जातो. ‘टॅलीत एवढी खाती कशाला उघडता? दहा-वीस मोठ्या पार्ट्यांची वेगळी ठेवा, बाकीच्या सगळ्या ‘किरकोळ पार्टी’ नावाच्या एका खात्यात टाका. ताळेबंदात शेवटी एकच आकडा जातो, तो काही बदलत नाही.’ सल्ला देणारी माणसं अनुभवी आहेत. त्यांनी उभी हयात लोकांचे हिशेब लिहिण्यात घालवली आहे, म्हणून नवा व्यापारी तो निमूट ऐकतो. माझं ठाम मत असं की हा सल्ला चुकीचा आहे. तो ऐकणाऱ्या लहान कारखानदाराला आजच्या कायद्यात रोख पैसे मोजावे लागतात, म्हणून त्याचा प्रतिवाद केलाच पाहिजे.

बेरीज लागते, याबद्दल वाद नाही. टॉवेलच्या कारखान्याच्या मालकाला रोज सकाळी तीनशे नावं वाचायची नसतात. बाजारात एकूण किती अडकले आणि आपल्याला एकूण किती द्यायचे, हे त्याला एका ओळीत हवं असतं. बँकेच्या साहेबांनाही तेच हवं असतं. प्रश्न एवढाच आहे की ती ओळ खालच्या खात्यांवरून निघालेली असावी, की खालची खाती पुसून त्यांच्या जागी लिहिलेली असावी.

आपल्या जुन्या पद्धतीत हा प्रश्न कधी पडलाच नाही. रोजकीर्दीत व्यवहार उतरायचा, तिथून खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर जायचा, आणि खतावणीतल्या बाक्या एकत्र मांडून तेरीज निघायची. तेरजेत कोणी थेट नोंद करत नसे. छापील वह्या वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीही हेच तत्त्व पाळलं. गिऱ्हाइकांची खतावणी एक कारकून लिही, मुख्य खतावणी दुसरा. विक्रीच्या वहीची महिन्याची बेरीज मुख्य खतावणीत ‘एकूण ऋणको’ अशा एका खात्यात जाई. महिनाअखेर पहिल्याकडच्या सगळ्या बाक्यांची बेरीज आणि दुसऱ्याकडचा तो एक आकडा जुळला नाही, तर चूक झाली आहे हे त्याच दिवशी कळे. सारांश खात्याचा जन्म तपशिलावर पहारा ठेवण्यासाठी झाला. तपशीलच काढून टाकला तर ते खातं कशावर पहारा ठेवणार?

सॉफ्टवेअर करणाऱ्यांना हे नीट ठाऊक होतं. १९८६ साली सुरू झालेल्या बंगळूरच्या गोयंका पितापुत्रांच्या कंपनीने टॅली घडवली, तेव्हा त्यात गट आणि लेजर अशा दोन पायऱ्या ठेवल्या. आजही नवी कंपनी उघडली की २८ गट तयार मिळतात. संड्री डेटर्स आणि संड्री क्रेडिटर्स त्यातलेच. गटाच्या नावावर व्हाउचर पडत नाही. करून पाहा, यादीत तो गट येतच नाही. गट फक्त बेरीज दाखवतो, नोंद लेजरवरच होते. सॅपसारख्या मोठ्या प्रणालीतही पार्ट्यांच्या एकूण बाकीच्या खात्यावर हाताने नोंद करता येत नाही. पार्टीच्या खात्यावर नोंद पडली की वरची रक्कम आपोआप हलते. म्हणजे एकत्रित आकडा सॉफ्टवेअर फुकट देतं. तो मिळवण्यासाठी ‘किरकोळ पार्टी’ नावाचं लेजर उघडायची काहीच गरज नाही. तसं लेजर उघडणं म्हणजे गटाने अडवलेला दरवाजा मागच्या बाजूने उघडणं आहे.

आता मुख्य दाव्याकडे येतो: ‘आकडा तोच येतो.’ येत नाही. पेढी पेठेत आणि माग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, अशी एक टेरी टॉवेलची फर्म समजा. वार्पिंग, सायझिंग, डाइंग, शिलाई अशी कामं ती बाहेर देते, आणि या सगळ्यांसाठी ‘किरकोळ जॉबवाले’ असं एक खातं आहे. ३१ मार्चला त्यात ४,२०,००० रुपये जमा बाकी दिसते. ताळेबंदात ‘देणी ४,२०,०००’ असं जातं आणि सगळे समाधानी होतात. आता ते खातं फोडा. डाइंगवाल्याचे ५,६०,००० देणं आहे. सायझिंगवाल्याकडे आपलेच ९०,००० आगाऊ गेले आहेत, शिलाईवाल्याकडे ५०,०००. म्हणजे फर्मची देणी ५,६०,००० आहेत आणि १,४०,००० येणं आहे. ही वजाबाकी करायचा अधिकार कोणालाच नव्हता, कारण सायझिंगवाल्याकडचा आगाऊ पैसा डाइंगवाल्याचं देणं फेडत नाही. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू १,४०,००० ने कमी दिसल्या. एकत्रित खात्यात नावे आणि जमा एकमेकांना खातात, आणि ज्या आकड्याची शपथ घेतली जाते तोच खोटा ठरतो.

त्याच उदाहरणात पुढे जाऊ. शिलाईवाल्याने वर्षभरात २६,००० ची चार बिलं दिली. कंत्राटी कामावरच्या टीडीएसची मर्यादा एका बिलाला ३०,००० आणि वर्षाला १,००,०००. एकेक बिल मर्यादेच्या आत, म्हणून कापला नाही. चारांची बेरीज १,०४,००० झाली हे त्याच्या नावाचं खातं असतं तर चौथ्या बिलाच्या दिवशीच समोर आलं असतं. ‘किरकोळ जॉबवाले’ या खात्यात शेकडो नोंदी, त्यात ही चार बिलं कोण शोधणार? ज्या फर्मला टीडीएस लागू आहे तिने तो कापला नाही, तर त्या खर्चाचे ३० टक्के नामंजूर होऊ शकतात. इथे ते ३१,२०० होतात, आणि वर व्याज. चार बिलांच्या एका शिलाईवाल्यापायी.

डाइंगवाल्याची गोष्ट आणखी जड आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात आलेली, आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेली ४३बी(एच)ची तरतूद सोलापुरात आता माहीत नाही असा कारखानदार नसेल. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर तो खर्च, प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. डाइंगवाला उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उद्योग आहे, आणि त्याच्या ५,६०,००० पैकी ३,१०,००० मुदत उलटून गेलेले आहेत, असं धरा. तेवढी रक्कम त्या वर्षी उत्पन्नात मिळवावी लागते. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या फर्मला त्यावर ९३,००० कर आणि वर सेस भरावा लागतो. एकत्रित खात्यात हे दिसत नाही, इतकंच नाही. तिथे उलटंच दिसतं. जुन्यात जुनं बिल आधी फिटलं असं धरून त्या खात्याचं वय काढलं, तर वार्पिंगवाल्याला फेब्रुवारीत दिलेल्या चेकने डाइंगवाल्याचं ऑक्टोबरचं बिल फिटल्यासारखं दिसतं. मालक निर्धास्त राहतो. त्याला कोणी फसवलेलं नसतं, त्याच्या स्वतःच्या खतावणीने फसवलेलं असतं.

जीएसटीतही तेच. पुरवठादाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं इनपुट क्रेडिट उलटवावं लागतं. ही मोजणी बिलागणिक आणि पुरवठादारागणिक होते. जीएसटीचा नियम ५६ तर पुरवठादारांची आणि ग्राहकांची नावं-पत्ते हिशेबात ठेवायला सांगतो. कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ मध्ये २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून येण्या-देण्याचं वय ताळेबंदाच्या टिपणांत दाखवावं लागतं: येण्यांसाठी सहा महिन्यांच्या आतलं, आणि दोन्हींसाठी वर्षाच्या आतलं, दोन वर्षांचं, तीन वर्षांचं. मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा तीन वर्षांत लावावा लागतो, आणि वेगळं खातं नसेल तर तिसरं वर्ष कधी संपलं याची आठवण कोण करून देणार? आयकरात, एका माणसाला एका दिवसात रोखीने १०,००० पेक्षा जास्त दिले तर तो खर्च मान्य होत नाही. सकाळी ६,००० आणि संध्याकाळी ५,०००, दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर दिलेले, एकत्रित खात्यात दोन अनोळखी नोंदी म्हणून पडतात. या साऱ्या कायद्यांत एकच गोष्ट समान आहे: सगळे माणूस विचारतात. किती, हे त्यांना पुरत नाही. कोणाला, कोणत्या बिलाचे, कधीपासून, हे त्यांना हवं असतं. आणि ‘किरकोळ पार्टी’ या खात्याकडे याचं उत्तर नसतं.

सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याची अडत करणाऱ्यालाही हे लागू आहे. शेतकऱ्याला त्याच्या स्वतःच्या पिकाचे पैसे रोखीने दिले तर १०,००० ची मर्यादा आड येत नाही. पण सवलत शेतकऱ्याला आहे, ‘शेतकरी’ नावाच्या खात्याला नाही. हिशेबपट्टीवर ज्याचं नाव आहे त्याचंच नाव खात्यावर दिसलं नाही, तर चौकशीच्या वेळी पट्ट्यांचे गठ्ठे उलगडत बसावं लागतं.

या सल्ल्याच्या बाजूने तीन युक्तिवाद मी वारंवार ऐकतो. ते फेटाळून चालणार नाही, त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे.

पहिला असा की व्हाउचर करताना टॅलीत पार्टीचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक त्या वेळी भरता येतो, मग लेजर वेगळं कशाला? हे खरं आहे. बिल बरोबर छापलं जातं, विवरणातही क्रमांक बरोबर जातो. पण ते नाव त्या व्हाउचरपुरतं असतं. बाकी मात्र लेजरला चिकटते. त्या पार्टीचं येणं काढायला गेलात तर ते निघत नाही. टीडीएसचा दर, पॅन, उधारीची मुदत, सगळं लेजरच्या मास्टरमधून येतं. बाकीच लागू नये अशा व्यवहारासाठी ही सोय चांगली आहे. उधारीच्या व्यवहारासाठी ती अपुरी आहे.

दुसरा युक्तिवाद म्हणजे ‘नाव नॅरेशनमध्ये लिहितो’. अशा खात्यांचं नॅरेशन उघडून पाहिलं की काय दिसतं? एकाच माणसासाठी ‘अण्णा डाइंग’, मग ‘डाइंगवाले अण्णा’, मग ‘अण्णा अ. रोड’, मग नुसतं ‘अण्णा’, आणि त्याच महिन्यात त्याच नावाच्या दुसऱ्या, सायझिंगवाल्या अण्णांची नोंद. नॅरेशनची बेरीज होत नाही. ते वाचावं लागतं, आणि वाचून अर्थ लावणारा दिवाणजी एकच असतो. तो आजारी पडला, दुसऱ्या पेढीवर गेला की त्या खात्याची फोड त्याच्याबरोबर जाते. मग नवा माणूस डायरी चाळत बसतो, पार्टीला फोन करून ‘तुमच्या खात्यावर आमचं किती आहे’ असं विचारतो, आणि पार्टी सांगेल तो आकडा धरून चालतो. आपलं देणं समोरच्याने सांगावं, यापेक्षा व्यापाऱ्याची दुबळी स्थिती दुसरी नाही.

तिसरा युक्तिवाद भावनेचा आहे: ‘आमच्या आजोबांच्या वहीतही किरकोळ खातं होतं.’ होतं. पण त्या काळी पान महाग होतं, प्रत्येक नव्या नावाला खतावणीचं अख्खं पान द्यायचं तर वही महिन्यात भरायची. किरकोळ खात्यातही प्रत्येक ओळीला नाव असायचं, आणि पैसे आले की त्याच ओळीसमोर खूण पडायची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाईक गल्लीतलं असायचं. आज सोलापूरचा टॉवेल आणि चादर हैदराबादपासून परदेशापर्यंत जाते, आणि नवं लेजर उघडायला कागद लागत नाही, अर्धा मिनिट लागतो. ज्या अडचणीमुळे आजोबांनी तडजोड केली ती अडचण संपली आहे. तडजोड मात्र आपण जपून ठेवली आहे.

‘मोठी रक्कम मोठ्या पार्ट्यांतच असते, लहानांची एवढी चिंता कशाला’ असंही कोणी म्हणेल. त्यांनी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचं प्रकरण आठवावं. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, आणि आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवलेली हजारो माणसं रस्त्यावर आली. पोलिसांतल्या फिर्यादीत आरोप असा होता की ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ खोटी खाती दाखवली गेली. कर्जांची एकूण बेरीज पाहणाऱ्याला त्यातून काय कळणार होतं? बेरजेला बेरीज होतीच. धोका कोणाकडे किती अडकलं आहे यात होता, आणि तेच लपवलं गेलं. तिथे कर्ज लपवायला हजारो खोटी नावं लागली. आपण तर नावं लिहायचंच सोडून देतो. हेतू वेगळा असेल, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पडदा दोन्हीकडे सारखाच येतो. बँकेला दर महिन्याला येण्याची यादी द्यावी लागते आणि ठरावीक दिवसांपलीकडची येणी बहुतेक बँका उचलमर्यादेसाठी धरत नाहीत, हे कॅश क्रेडिट घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या यादीत ‘किरकोळ पार्टी’ अशी एक ओळ पाहून बँकेने काय समजायचं?

याचा अर्थ दिसेल त्याचं खातं उघडत सुटायचं असा नाही. या बाबतीत माझा विरोध दुसऱ्या टोकालाही आहे. खर्चाच्या बाजूला लोक नको तिथे खाती वाढवतात. ‘चहा खर्च’, ‘चहा-बिस्किट’, ‘पाहुणचार’, ‘ऑफिस चहा’ अशी चार लेजर एका तेरजेत असतात, आणि मालकाला वर्षाचा चहा किती झाला ते चार ठिकाणी शोधावं लागतं. खर्चाच्या त्या खात्यावर कोणाचं येणं-देणं नसतं, तिथे एकच लेजर पुरे. प्रत्येक शेडचा विजेचा खर्च वेगळा पाहायचा असेल तर त्यासाठी कॉस्ट सेंटर आहेत, नवं लेजर लागत नाही. दुकानातल्या रोख काउंटर विक्रीलाही नावं लागत नाहीत. खुद्द जीएसटी कायद्याने २०० रुपयांच्या आतल्या विक्रीसाठी, नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाने बिल मागितलं नसेल तर, दिवसाअखेर एक एकत्रित बिल करायची मुभा दिली आहे. पैसे आले, माल गेला, बाकी शून्य. तिथे एकत्र करणं योग्य आहे. जिथे उद्या कोणाकडून घ्यायचं किंवा कोणाला द्यायचं उरतं, तिथे एकत्र करणं चूक आहे. माझ्या दृष्टीने कसोटी एवढीच.

आणि मार्चअखेर हिशेब सावरून घेऊ, या भरवशावरही आता राहता येत नाही. कंपन्यांच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षासाठी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालं आहे. वर्षभर एका खात्यात कोंबायचं आणि ऑडिटच्या तोंडावर मागच्या तारखांनी फोडून द्यायचं, हे कोणी कधी केलं हे सगळं तिथे उमटतं. मालकी आणि भागीदारीच्या फर्मना हा नियम नसला, तरी ज्या दिवशी त्यांना बँकेकडून मोठं कर्ज घ्यायचं असेल त्या दिवशी तोच प्रश्न त्यांच्यासमोर येतो.

एकत्रित खात्याचा सल्ला देणाऱ्या ज्येष्ठांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांनी पेढ्या सांभाळल्या, मालकांचा विश्वास सांभाळला. पण त्यांचा सल्ला आज हिशेबनिसाचे दोन तास वाचवतो आणि मालकाचे लाख रुपये घालवतो, आणि हे दोन तास मालकाने दिलेल्याच पगारातून आलेले असतात. हिशेब मालकासाठी असतो, लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी नाही.

म्हणून पेठेतल्या आणि एमआयडीसीतल्या प्रत्येक फर्मला माझी विनंती आहे. येत्या ३१ मार्चची वाट पाहू नका. आजच टॅली उघडा, संड्री डेटर्स आणि संड्री क्रेडिटर्स या दोन गटांखालची लेजर वाचा, आणि ‘किरकोळ’, ‘इतर’, ‘जॉबवाले’, ‘शेतकरी’ अशी जी जी खाती दिसतील त्यांची बाकी आजच्या तारखेला नावागणिक फोडा. ज्याचं नाव सापडत नाही त्याच्या बिलाची प्रत शोधा. प्रत्येक पुरवठादाराला आणि जॉबवाल्याला त्याचा उद्यम क्रमांक विचारा आणि त्याच्या लेजरमध्ये नोंदवा. काम पूर्ण झालं की ते एकत्रित खातं कायमचं बंद करा, आणि पुन्हा कोणाचा हात तिकडे जाऊ देऊ नका.